पान एकसष्ट

सोमवार, ४ मार्च

प्रिय धाकटे,

हे पत्र निळ्या शर्टाच्या कॉलरमध्ये आहे, शिंपीणबाईंनी काजं-बटणं करायला आणलेल्या गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा शर्ट. उसवताना कात्री जपून चालव बाई. मागच्या खेपेला तू पत्रासकट कॉलर कापलीस आणि शिंपीणबाईंना गिऱ्हाइकापुढे उंदरांच्या नावावर बिल फाडावं लागलं.

बातमी आहे. पुस्तक आलं. छापून, शिवून, पुठ्ठ्यात बांधून आलं. एकशे बत्तीस पानं, सगळी चित्रं, आणि चित्रांतली माणसं फुग्यांमधून बोलतात. प्रकाशकबाई त्याला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, किल्लीवाले त्याला 'तुमचं ते चित्रांचं' म्हणतात. स्वतःवर अख्खं पुस्तक निघालंय आणि माणूस काय बघतो, तर नाक. माझं नाक एवढं आहे का, म्हणाले. मी म्हटलं, आहे. मग आरशापुढे जाऊन आले आणि पान उलटलं.

तू म्हणशील, हिला काय अवदसा आठवली, घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडायची हौस कुठून आली. हौस नव्हती गं. तिथून सुटून चार वर्षं झाली तरी दुपारी एकटी असले की मी दाराच्या मुठीकडे बघत बसते. मूठ हलली असं वाटतं. उठून जाते, हात लावते, काही नसतं. परत येऊन टेकते, की परत वाटतं हलली. एकदा किल्लीवाल्यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, एवढं बघताच आहात तर काढा तरी. ती मूठ हे पुस्तकातलं पहिलं चित्र. पुढचं ओघानं आलं.

गोष्ट तुला नव्यानं काय सांगायची जाऊबाई, तूच तर घडवलीस. आमचे हे गोदामात जाताना मला जिन्याकडच्या खोलीत कोंडायचे, घराकडच्या दाराला पलीकडून कडी, जिन्याकडच्या दाराला कुलूप, आणि किल्ली आईच्या स्वाधीन करायचे. अकरा महिने. कारण काय, तर मला चित्रांची कामं देणाऱ्या कंपनीच्या साहेबांशी मी फोनवर हसले. सासूबाई आंघोळीला गेल्या की कमरेचा जुडगा बाहेर राहायचा. तू साबणाच्या वडीत किल्ली दाबलीस आणि वडी घेऊन कोपऱ्यावरच्या किल्लीच्या टपरीवर गेलीस. कपाटाची आहे, म्हणून सांगितलंस. किल्लीवाले म्हणतात, कपाटाची किल्ली आणि दाराची किल्ली मला कळत नाही असं त्या बाईंना वाटलं तरी कसं. पण त्यांनी विचारलं नाही.

पहिली किल्ली फिरली नाही. दुसरीही नाही. तिसऱ्या वेळी ते स्वतःच 'कुलपं दुरुस्त, कुलपं' करत जिना चढले, तू सासूबाईंना स्वयंपाकघरात गुंतवून ठेवलंस, आणि मी आतून भोकाला डोळा लावला. दिसलं काय, तर एक काळं बोट, नखापाशी कापलेलं. मग बोट गेलं आणि तिथं एक डोळा आला. मी दचकून मागे झाले. बाहेरून अगदी हळू आवाज आला, "घाबरू नका. उद्या फिरेल."

एवढ्यावर कोणी प्रेमात पडतं का? पन्नाशी उलटलेला, टकलू, एका कानानं कमी ऐकणारा माणूस, आणि तोही पाऊण इंचाच्या भोकातून बघितलेला. पण अकरा महिन्यांत मला कोणी घाबरू नका म्हटलं नव्हतं.

तुझा चेहरा मी बदललाय. चष्मा लावलाय आणि दहा किलो वजन वाढवलंय, राग मानू नकोस. पुस्तकात कोणाचंच नाव नाही, माझंही खोटं आहे. कोणाला काही कळायचं नाही. एका पानाबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे, पण ते पुढच्या खेपेला.

तू उत्तर देत नाहीस, ते बरोबरच आहे. तुला जपूनच राहायला हवं. तुझ्या ठकीची उंची वाढली असं शिंपीणबाई सांगत होत्या. ऐकून बरं वाटलं.

तुझी,
थोरली


सोमवार, ११ मार्च

प्रिय धाकटे,

कॉलर नको म्हणालीस असं कळलं, म्हणून या वेळी कफात. म्हणजे तू शिंपीणबाईंशी बोलतेस, फक्त माझ्याशी बोलत नाहीस. असू दे.

ते पान एकसष्ट नंबरचं आहे.

मी पोटासाठी काय करायचे ते तुला ठाऊक आहे. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप यांच्याबरोबर जी पुस्तिका येते, तिच्यातली चित्रं. एक एक भाग सुटा करून हवेत मांडायचा, कुठला स्क्रू कुठून निघतो ते रेघांनी दाखवायचं. एक वॉशर इकडचा तिकडे झाला तर लोक घरी पंप उघडून बसतात आणि कंपनीला शिव्या घालतात. वीस वर्षं हेच केलं. माणसाचा चेहरा मला हवा तसा बदलता येतो, यंत्र नाही बदलता येत. हात ऐकत नाही.

तर एकसष्टाव्या पानावर आपलं शिलाई मशीन आहे. सासूबाईंचं, आता तुझ्या पायाखाली असतं ते. अख्खं पानभर, सगळे भाग सुटे करून. चाक, पट्टा, सुई, बॉबिनची डबी. लाकडी पाटाला गेलेला तडा, त्यावरची पितळी पट्टी, पट्टीचे तीन खिळे, त्यातला एक वाकडा. मशीनच्या मानेमागचा गोल पत्रा काढून बाजूला ठेवलाय, त्याचा एकच स्क्रू शेजारी हवेत. आणि मानेच्या आतल्या पोकळीत, जिथं तू आणि मी ती ठेवायचो, तिथं किल्ली.

  काढताना मला इतकंच वाटत होतं की पान सुंदर होतंय.

मला वाटलं होतं, मी बाहेर पडले त्या दिवसानंतर तू ती किल्ली फेकून दिली असशील. मी गेल्यावर सासूबाई कुलूप लावायला विसरल्या असंच सगळे समजले, बिचाऱ्या म्हातारीनं बोलणी खाल्ली आणि विषय मिटला. मग पुढं घरच्यांनी दिवसभर तुला त्या खोलीत बसवायला सुरुवात केली, मशीनसकट, हे मला शिंपीणबाईंकडून खूप उशिरा समजलं. कुलूप तेच आहे म्हणे. तेव्हा किल्ली असेलच तर आजच काढ आणि मोरीत टाक. नाहीतर गठ्ठ्यात घालून इकडे पाठव.

उगाच घाबरू नकोस. तीनशे प्रती निघाल्यात, चित्रांची पुस्तकं वाचतो कोण? आपल्या घरात तर कॅलेंडरखेरीज चित्र नाही.

बाकी ठीक. इथलं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक भिंतभर किल्ल्या. तुला एक गंमत सांगायची राहिली. किल्लीवाल्यांनी मला मागणी घातली ती अशी, की आपल्या घराच्या दाराची बाहेरची कडी काढून टाकली, कुलपाचं भोक लांबीनं बुजवलं आणि मला दाखवायला नेलं. आता दार फक्त आतून लागतं. जगाला कुलपं विकणारा माणूस, पण आम्हाला दोघांना एकदम बाहेर जाता येत नाही. चोरी होईल म्हटलं तर म्हणाले, होऊ दे. मी तिथल्या तिथं रडायला लागले. पुस्तकात ते पान आहे, पण ते कोणाला विशेष आवडलेलं नाही.

किल्ली काढ.

तुझी,
थोरली


शुक्रवार, १५ मार्च

धाकटे,

मंगळवारपर्यंत थांबवत नाही. शिंपीणबाईंच्या हातापाया पडून मी मधलाच एक गठ्ठा काढायला लावलाय. उद्या शनिवारी तुला बारा पांढरे शर्ट येतील, नवव्याच्या कॉलरमध्ये हे आहे.

एकसष्टावं पान प्रकाशकबाईंना इतकं आवडलं की त्यांनी त्याचं पोस्टर केलंय. हातभर उंच. दुकानांच्या काचांमागे लावलंय. मला आज कळलं. सांगायला त्यांचा फोन आला तेव्हा बाईंचा आवाज आनंदानं फुटत होता. कुठल्या कुठल्या दुकानात, विचारलं. त्यांनी पाच सांगितली. चौथं नाव गोदामाच्या रस्त्यावरच्या दुकानाचं होतं.

तुझे यजमान आणि आमचे हे रोज दोनदा त्या काचेवरून जातात. पुस्तक उघडायची गरजच नाही. ती पितळी पट्टी आमच्या ह्यांनी स्वतः ठोकली आहे. तो वाकडा खिळा त्यांच्याच हातचा, माझ्यासमोर वाकला होता, आणि मला हसू आलं होतं, आणि मग काय झालं ते तू दाराआडून बघितलंस.

पोस्टर काढायला लावलं आहे. बाईंनी का म्हणून विचारलं, मी सांगितलं.  मग म्हणाल्या, काल एका माणसाचा फोन आला होता. चित्र कोणी काढलं, हे मशीन कुठं बघितलं, एवढंच विचारत होता. त्यांना वाटलं, जुन्या मशीनचा शौकीन असेल. नाव सांगितलं नाही त्यानं. आवाज कसा होता, विचारलं. गोड होता म्हणाल्या.

आमच्या ह्यांचा आवाज गोडच आहे.

आता एक कबूल करते. मागच्या पत्रात खोटं लिहिलं. किल्ली तू फेकली नाहीस हे मला माहीत होतं. वर्षापूर्वी तू शिंपीणबाईंकडे बारीक पेचकस मागितलास. त्यांनी मला सहज सांगितलं, धाकट्या सूनबाई मशीन उघडून तेल घालतात म्हणे. तेलाला पेचकस लागत नाही, मानेमागच्या पत्र्याला लागतो. मी त्याच दिवशी समजले. समजून, उमजून पान काढलं. छापायच्या आधी प्रकाशकबाईंनी माझ्यासमोर शेवटची प्रत ठेवली आणि विचारलं, काही काढायचं, बदलायचं आहे का, उद्यापासून यंत्र चालू होईल. मी एकसष्टावर येऊन थांबले. बोट त्या किल्लीवर होतं. एक पांढरा ठिपका दिला असता तर काम झालं असतं. मी म्हटलं, नाही, सगळं बरोबर आहे.

का, ते मला विचारू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून माझं असं काहीतरी झालं होतं आणि त्यातला एक स्क्रूही मला सोडवत नव्हता. मी हावरट आहे, धाकटे. घाबरट तर आहेच.

किल्ली काढ, आणि मशीनपासून लांब राहा. विचारलंच तर तुला काही माहीत नाही. थोरलीनं काढलंय, तिलाच विचारा म्हण. सगळं माझ्यावर ढकल.

थोरली


बुधवार, २० मार्च

धाकटे,

हे कशातून पाठवायचं मला माहीत नाही. तरी लिहिते आहे, कारण नुसतं बसवत नाही.

काल शिंपीणबाई नेहमीच्या वेळी गेल्या. दार सासूबाईंनी उघडलं. शनिवारचा गठ्ठा जसाच्या तसा हातात दिला, गाठही सोडलेली नव्हती. म्हणाल्या, आता काजं-बटणं बंद, मशीन दुरुस्तीला गेलंय. कसली दुरुस्ती, बाईंनी विचारलं. आतून एक पुरुषमाणूस खोकला, तेव्हा सासूबाईंनी दार लोटून घेतलं. दिवसाउजेडी, कामाच्या दिवशी, दोघांपैकी कोणीतरी घरी होतं. जिना उतरताना बाईंना जिन्याकडच्या दाराशी ठकीच्या शाळेचे बूट दिसले. म्हणून त्या तशाच शाळेत गेल्या. ठकी सोमवारपासून आलेली नाही.

नवव्या शर्टाची कॉलर मी उसवली. माझं पत्र आत होतं. म्हणजे माझी कबुली तुझ्यापर्यंत पोचलीच नाही, आणि पोस्टरचं तुला काही ठाऊकच नव्हतं. त्याआधीचं, किल्ली काढ म्हणून सांगणारं, पोचलं की नाही तेही कळायला मार्ग नाही. मी सकाळपासून स्वयंपाकघरात तीन भांडी पाडली.

चौकीवर जाऊन आले. गेल्या खेपेला गेले होते तेव्हा साहेबांनी चहा पाजून ह्यांना बोलावून घेतलं होतं आणि ह्यांच्याबरोबर परत पाठवलं होतं, ते तुला आठवत असेल. या वेळी साहेब नवे आहेत. म्हणाले, घरातल्या बाईची तक्रार आहे का? घरातली बाई तक्रार करायला बाहेर कशी येणार, मी विचारलं. लेखी द्या, माणूस पाठवतो, म्हणाले. कधी? बघतो. लेखी देऊन आले. बघताहेत.

आता चौऱ्याहत्तराव्या पानाचं सांगते. हे मी किल्लीवाल्यांनाही चार वर्षं सांगितलं नव्हतं.

त्या पानावर आपण दोघी जिन्याच्या तळाशी उभ्या आहोत. मी अंगावरच्या कपड्यांनिशी, तू अनवाणी. आणि तुझ्या तोंडातून एक फुगा निघालाय. फुग्यात लिहिलंय, "ताई, तुम्ही जा. माझी काळजी करू नका." वाचणारे म्हणे या पानावर रडतात. प्रकाशकबाई रडल्या. एका बाईंनी पत्र लिहिलं, अशी जाऊ सगळ्यांना मिळो.

तू असं म्हणाली नव्हतीस. तू म्हणालीस, "ठकी तापात झोपलीय, तिला उचलून आणते. थांबा हं ताई." आपण तिघी जाणार होतो. ठरलंच होतं तसं, साबणाची वडी हातात घेतलीस त्या दिवसापासून. मी विजेच्या मीटरच्या पेटीमागे उभी राहिले. मग वरून सासूबाईंचा आवाज आला. काय म्हणत होत्या तेही कळलं नाही, कदाचित तुला नसेलही, दूधवाल्याला असेल. मी पळाले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि वळून बघितलं.

तू फाटकात होतीस. ठकी तुझ्या खांद्यावर होती, चादरीत गुंडाळलेली, तिचे पाय लोंबत होते. तू आधी डावीकडे बघितलंस, मग उजवीकडे. मी चाळीस पावलांवर होते. हाक मारली असती तर पोचली असती. वरच्या खिडकीत सासूबाई आल्यासारखं मला वाटलं आणि मी हाक मारली नाही. मग तू वळून आत गेलीस.

म्हणून तू उत्तर देत नाहीस. जपून राहायला हवं वगैरे मी माझ्या सोयीनं लिहीत होते. चार वर्षं गठ्ठे जातात येतात, पत्र तू वाचतेस, आणि एक ओळ पाठवत नाहीस. ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मग मी पुस्तक काढलं आणि तुझ्या तोंडी ते वाक्य घातलं, म्हणजे निदान कागदावर तरी तू मला जा म्हणाली असशील.

हे सगळं दुपारी किल्लीवाल्यांना सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याकडे बघणार नाही. ते कानस पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, तरीच त्या दिवशी तुम्ही माझ्या टपरीपाशी आलात तेव्हा सारखं मागे बघत होतात, मला वाटलं कोणी पाठलाग करतंय.  मग पुस्तक मागितलं, एकसष्टावं पान काढलं, भिंग लावून किल्ली बघितली. मला वाटलं, यावरून नवी किल्ली होईल. त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, सगळं मशीन बरोबर काढलंत, किल्लीचा तिसरा दात चुकला. यावरून नाही होणार. मग हत्यारांची पिशवी काढली आणि एकेक तार दिव्यापुढे धरून निवडायला लागले. उद्या कितीला जायचं, एवढंच विचारलं.

मला त्या जिन्याची भीती वाटते. त्या वासाची, मीटरच्या पेटीची.  किल्लीवाले म्हणाले, तुम्ही खाली थांबलात तरी चालेल, कुलूप माझं काम आहे. मी नको म्हटलं. खाली थांबायचं काम मी एकदा केलेलं आहे.

थोरली


गुरुवार, २१ मार्च, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं, जिन्यात

धाकटे,

आवाज करू नकोस. मी तुझ्या दाराबाहेर आहे. हा कागद फटीतून आत सरकवते आहे, वाचून झाला की याच फटीतून बाहेर सार, मी त्याच्याच खाली पुढचं लिहीन. मागच्या बाजूला चौऱ्याहत्तरावं पान आहे. फुग्यातलं मी खोडलंय.

दोघं भाऊ गोदामात गेलेत, शिंपीणबाईंनी रस्त्यावरून बघून खात्री केली. त्या खाली टॅक्सीत बसल्यात. किल्लीवाले माझ्या शेजारी गुडघ्यांवर आहेत. घराकडच्या आतल्या दारापलीकडे सासूबाई आहेत का? ठकी तुझ्याजवळ आहे का? पेन नसेल तर शिवणाच्या खडूनं लिही.

—

खडूचं वाचलं. किल्ली त्यांनी नेली, सासूबाई आतल्या दाराशी खुर्ची टाकून बसल्यात, ठकी तुझ्याजवळ आहे, हात दुखावलाय. कळलं. तुझ्या कोणत्या हाताला लागलंय की ठकीच्या, ते नंतर सांग. पुढची ओळही वाचली. 'या वेळी थांबणार का' असं लिहिलंयस. चार वर्षांत तुझी ही पहिली ओळ. मी इथं आहे.

किल्लीवाले म्हणतात, दात तीन बसले, दोन राहिलेत. तार आत फिरताना आवाज होईल. तू खोक.

—

ऐकलं मी. कोणाशी बोलतेस, असं सासूबाई तुला विचारताहेत. खुर्ची सरकली ती मलाही ऐकू आली. मला खाली पळावंसं वाटतंय, तुझ्यापासून काय लपवू. मी दाराला पाठ लावून खाली बसले आहे. पाठ लागलेली तुला फटीतून दिसत असेल, माझ्या साडीचा हिरवा काठ बघ.

सासूबाईंना आतल्या दाराची कडी काढू दे. एक दात राहिलाय. दार उघडलं की आधी ठकीला माझ्याकडे दे, मग तू ये. सामान काही घेऊ नकोस. मी उठलेली नाही.